वाचक विचारतात : होडीतला पंप पावसाळ्यातच का बंद पडतो?

प्रश्न : आमची फायबरची होडी पंचगंगेला पूर आला की बाहेर निघते. तळातलं पाणी उपसायला 12 व्होल्टचा पंप आणि एक सर्चलाइट आहे. वायरींना पीळ मारतो, टेप गुंडाळतो, वरनं सिलिकॉन लावतो. तरी दर पावसाळ्यात पंप बंद! विहिरीतल्या सबमर्सिबलचा जॉइंट मात्र वर्षानुवर्षं पाण्यात टिकतो. हे कसं? – एक वाचक, शिरोळ तालुका

उत्तर : प्रश्न आवडला, कारण उत्तर त्या सबमर्सिबलमध्येच आहे. तिथला जॉइंट एका जागी लटकलेला असतो, त्याला हादरे नाहीत. शिवाय त्यातला करंट एसी. सेकंदाला 50 वेळा उलटसुलट होणारा. तुमच्या होडीत बॅटरीचा डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारा. जॉइंटला ओल लागली की पॉझिटिव्हचं तांबं एकतर्फी विरघळत जातं. पाणी वाढलं की पंप आपोआप सुरू करणारा फ्लोट स्विच असेल, तर त्याची वायर कायम चालू, म्हणजे पंप बंद असला तरी हे खाणं सुरूच.

खात्री करायची तर जुना टेप सोलून बघा. निगेटिव्हची तार मळकट पण शाबूत असेल. पॉझिटिव्हच्या तारा हिरव्या पडून बोटांत चुरतील. पाणी तारांच्या फटींतून इन्शुलेशनच्या आत वर चढतं, तांबं आतपर्यंत काळं पडतं. लखलखीत तांबं दिसेपर्यंत वायर मागं कापा. काळ्या तांब्यावर केलेला जॉइंट फुकट.

पीळ विसरा. योग्य मापाचा बट कनेक्टर (दोन वायरींची टोकं समोरासमोर घालायची धातूची नळी) घ्या आणि रॅचेटवाल्या, म्हणजे पूर्ण दाबल्याशिवाय न सुटणाऱ्या, क्रिंपिंग पकडीनं दाबा; साध्या पकडीनं चेपलेला निसटतो. मग ओढून बघा, अगदी जोर लावून. नुसत्या सोल्डरवर मी होडीत भरवसा ठेवत नाही. कथील तारांत वर चढून कडक होतं आणि इंजिनच्या थरथरीनं वायर बरोबर तिथंच तुटते. क्रिंपवर, म्हणजे त्या दाबलेल्या जॉइंटवर, आतून गम असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळणारी नळी) चढवा. लायटर नको, हॉट एअर गन वापरा. दोन्ही टोकांतून गम बाहेर डोकावला की झालं. बिनगमाच्या स्लीव्हमध्ये पाणी हमखास शिरतं.

आता तुमचं सिलिकॉन. ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास येतो का? येत असेल तर सुकताना त्यातून अॅसेटिक अॅसिड सुटतं, ते तांबं खातं. म्हणजे रोग तुम्हीच लावताय. असं अॅसिड न सोडणारं, न्यूट्रल क्युअरचं मिळतं, पण नीट स्लीव्ह असेल तर तेही लागत नाही.

एवढं करूनही जॉइंट तळात ठेवू नका. पंपाची वायर आहे तेवढी वर काठाजवळ आणा आणि तिथं जोडा. जॉइंटच्या आधी वायरीला खाली एक झोळ द्या, म्हणजे ओघळणारं पाणी तिथंच ठिबकेल. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात हवा.

वायर जाड घ्या. पंप 5 अँपिअरचा आणि बॅटरीपासून 5 मीटर लांब असेल, तर 1 चौरस मिलिमीटरच्या वायरीत जाऊन-येऊन जवळपास 1 व्होल्ट वाया जातो, 2.5 च्या वायरीत साधारण 0.4. कलई केलेली तांब्याची वायर मिळाली तर उत्तमच. कोल्हापुरात उद्यमनगरात चौकशी करा, पण दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. काउंटरवरच टोक सोलायला सांगा. आत चंदेरी दिसली तर घ्या, तांबडी दिसली तर ती साधीच.