बीजगणितात संशोधन करणारा प्राध्यापक नेमकं काय करतो, आणि विज्ञान धोरणात त्याचा काय उपयोग?

प्रश्नाचे दोन भाग आहेत, पण पहिल्याचं उत्तर नीट दिलं की दुसऱ्याचं निम्मं काम होतं. म्हणून संशोधनापासून सुरुवात करतो.

बहुतेक वेळ सिद्धता लिहिण्यात जात नाही, प्रश्न हाताळता येईल एवढा लहान करण्यात जातो. आधी अटी वाढवायच्या: रिंग (बेरीज-गुणाकार चालणारी रचना) क्रमनिरपेक्ष धरा, म्हणजे गुणाकाराचा क्रम बदलला तरी उत्तर तेच; ग्रुप (एकच उलटवता येणारी क्रिया असलेली रचना) सांत धरा, म्हणजे मोजक्या घटकांचा. सोपं रूप सुटलं की एकेक अट काढायची आणि गाडं कुठे अडतं ते पाहायचं. जिथे अडतं तिथेच बहुधा पेपर असतो.

उदाहरणं तपासायला संगणक लागतो. ग्रुपसाठी गॅप, बहुपदींसाठी मॅकॉले-२ किंवा सिंग्युलर या संगणक प्रणाली. गॅपसोबतच्या संग्रहात २००० पर्यंतच्या ऑर्डरचे (म्हणजे घटकसंख्येचे) सगळे ग्रुप आहेत, फक्त १०२४ सोडून. त्या एकाच ऑर्डरचे ग्रुप ४९ अब्जांहून जास्त भरतात. ग्रोबनर बेसिस (बहुपदी समीकरणांचं हाताळायला सोपं रूप) थेट परिमेय सहगुणकांवर काढायला गेलात तर अंश-छेद इतके फुगतात की मेमरी संपते. म्हणून गणित आधी ३२००३ सारख्या अविभाज्य संख्येच्या मॉड्युलोत, म्हणजे तिने भागल्यावरच्या बाक्यांत, करून बघतात. मात्र मोजके अविभाज्य फसवे निघतात, तेव्हा दोन-तीन वेगवेगळे घेऊन ताडून पाहावं लागतं. आणि हे सगळं जुळलं तरी ती सिद्धता नव्हे. क्षⁿ − १ चे पूर्णांक सहगुणकांत आणखी फोड न होणारे अवयव पाडा: n = १०४ पर्यंत सगळे सहगुणक ०, १ किंवा −१ च येतात, १०५ ला −२ उगवतो. कारण तीन वेगळ्या विषम अविभाज्यांचा पहिला गुणाकार तिथे येतो, ३ × ५ × ७. शंभर उदाहरणं तपासून निर्धास्त झालेला माणूस इथे तोंडावर आपटतो.

शिकवण्यात सगळ्यात जास्त विद्यार्थी गळतात ते कोशंट ग्रुपपाशी, म्हणजे ग्रुपचे गट पाडून त्या गटांचाच नवा ग्रुप बनवतात तिथे. व्याख्या आधी फळ्यावर लिहिली की ती पाठ होते, समजत नाही. त्याऐवजी विचारावं: एखाद्या संख्येला ६ ने भागल्यावरची बाकी माहीत असेल, तर ४ ने भागल्यावरची सांगता येईल का? ० आणि ६, दोघांची पहिली बाकी ०. दुसरी मात्र ० आणि २. म्हणजे नाही. १२ ने भागल्यावरची बाकी माहीत असेल तर येते. ‘वेल-डिफाइंड’ म्हणजे काय (गटातली कुठलीही संख्या घेतली तरी उत्तर तेच) हे या दोन ओळींत कळतं, मग व्याख्या लिहायला हरकत नाही. बाकी वर्ग, पेपर तपासणी, पीएचडीचे विद्यार्थी हे इतर विषयांसारखंच.

आता धोरण. बीजगणितात लेखकांची नावं वर्णानुक्रमे छापतात, त्यामुळे ‘पहिल्या लेखकाला जास्त गुण’ हा नियम इथे निरर्थक ठरतो. परीक्षक सिद्धता ओळीओळीने तपासतो आणि त्यात वर्षही जातं. फाइट-थॉम्पसन यांचा सांत ग्रुपवरचा १९६३ चा एकच पेपर २५५ पानांचा आहे. नियतकालिकाचं वजन दाखवणाऱ्या इम्पॅक्ट फॅक्टरचं नेहमीचं माप मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना इतरांनी दिलेले संदर्भ मोजतं. तेवढ्यात बीजगणितातला लेख धड वाचूनही झालेला नसतो.

धोरण ठरवणाऱ्या समितीत ‘गणित उपयोगी असतं’ एवढं म्हणून कुणी हलत नाही, नेमकं उदाहरण लागतं. माझ्या मते सगळ्यात चांगलं उदाहरण साइक या कूटपद्धतीचं. क्वांटम संगणकालाही दाद न देणारी कूटमानकं निवडण्याच्या अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या प्रक्रियेत ती चौथ्या फेरीपर्यंत पोचली होती. जुलै २०२२ मध्ये कास्ट्रिक आणि देक्रू यांनी तिची सर्वात लहान आवृत्ती प्रोसेसरच्या एका कोअरवर सुमारे तासाभरात फोडली. हत्यार होतं अर्न्स्ट कानी यांचं १९९७ चं शुद्ध गणितातलं प्रमेय. दोन वर्षांच्या मापात ते दिसलंच नसतं. म्हणून ‘ही पद्धत सुरक्षित आहे का’ असं कुणी विचारलं तर हो-नाही म्हणू नये. आजवरचे हल्ले कोणते, त्यांना किती मेहनत लागते आणि मुळातला प्रश्न किती वर्षं अभ्यासला गेलाय, हे तिन्ही लेखी द्यावं.

मूल्यमापनाच्या नियमांवर नुसती तक्रार करू नका, पर्यायी मजकूर तयार ठेवा: पेपरांच्या संख्येऐवजी निवडक पाच कामं, प्रत्येकावर अर्धं पान, आणि संदर्भ मोजायचेच तर दहा वर्षांची मुदत. आधार म्हणून आंतरराष्ट्रीय गणित संघाचा २००८ चा संदर्भ-आकडेवारीवरचा अहवाल पुढे ठेवता येतो. संदर्भांची आकडेवारी ठेवणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीने २०२३ मध्ये ‘सर्वाधिक संदर्भित संशोधक’ यादीतून गणित वगळलं, हेही सांगा. क्षेत्र लहान, संदर्भ कमी, त्यामुळे थोड्याशा लबाडीनेही क्रम बदलतो. निधीच्या बाबतीत एवढंच पाहा की उपकरणांसाठी आखलेला अर्जाचा नमुना गणितावर लादला जात नाही; इथे पैसा माणसांवर, प्रवासावर आणि पाहुण्या संशोधकांवर खर्च होतो.

हे सगळं कायम नेमणुकीआधी अंगावर घेऊ नये. एका वेळी एकच समिती, तीही ठरावीक मुदतीची. प्रस्तावांच्या फायली वाचण्यात आठवडे जातात आणि अर्धवट सिद्धता तेवढ्या काळात डोक्यातून निसटते. तिचं सध्याचं टोक, अडलेली पायरी आणि फसलेले मार्ग वहीत लिहून मगच फायलींना हात लावावा.