यॉक्टोमध्ये रस्टचे क्रेट: कंपाइलला नेट द्यायचं का?

प्रश्न: नमस्कार सर, आमच्या गेटवेवर (उपकरणांना नेटशी जोडणारा छोटा संगणक) रस्ट भाषेतला एक छोटा प्रोग्राम जातो. यॉक्टोच्या (उपकरणांसाठी लिनक्स इमेज बनवायची यंत्रणा) डनफेल या जुन्या रिलीजवर रेसिपीच्या (प्रोग्राम कसा बिल्ड करायचा ते सांगणारी फाइल) कंपाइल टास्कमध्ये सरळ कार्गो बिल्ड (कार्गो म्हणजे रस्टचं बिल्ड टूल) लिहिलं होतं, कधी त्रास झाला नाही. आता स्कार्थगॅप या पुढच्या रिलीजवर आलो तर तिथेच अडकतं, क्रेट्सचा (रस्टच्या तयार लायब्ररींचा) सर्व्हर सापडत नाही म्हणतं, आणि त्याच मशीनवर टर्मिनलमधून मारलं की सगळं धडाधड डाउनलोड होतं. सहकारी म्हणतो त्या टास्कचा नेटवर्क फ्लॅग 1 कर, विषय संपला. करू का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर: नका करू. बिल्ड होईल हे खरंय, पण दुखणं तसंच राहील.

तुमच्या मशीनचं काही बिघडलेलं नाहीये. 2022 च्या कर्कस्टोनपासून बिटबेक (यॉक्टोचं बिल्ड चालवणारं टूल) फेच, म्हणजे सोर्स उतरवणारा टास्क, सोडून बाकीच्या टास्कना नेट देतच नाही, आणि माझ्या मते हा त्या रिलीजमधला सगळ्यात चांगला बदल. फेचमध्ये आलेली प्रत्येक फाइल चेकसम (फाइल बदललेली नाही ना हे पडताळणारा आकडा) तपासून डाउनलोड्स फोल्डरमध्ये पडते, तुमच्याकडे राहते. कंपाइलमध्ये कार्गोने परस्पर आणलेलं मात्र बिटबेकला माहीतच नसतं. लॉक फाइल (कार्गो डॉट लॉक, क्रेट्सच्या नेमक्या व्हर्जनची यादी) असली की चेकसम कार्गोही तपासतो, प्रश्न तो नाहीये, प्रश्न हा की टीएमपी हे बिल्डचं तात्पुरतं फोल्डर उडवलं की ते क्रेट गेले, आणि तुमचा गेटवे फील्डवर सात-आठ वर्षं चालणार, तेव्हा एक सिक्युरिटी पॅच द्यायला हेच सगळं परत बिल्ड करावं लागणार, आणि बाहेरच्या सर्व्हरवर तेव्हा ते असेलच असं नाही. 2016 च्या मार्चमध्ये एनपीएमवरून (जावास्क्रिप्टच्या पॅकेजांचा सर्व्हर) 11 ओळींचं लेफ्ट-पॅड हे पॅकेज लेखकाने काढून घेतलं तर जगभरचे बिल्ड पडले होते.

आता करायचं काय, तर हाताने लिहिलेलं कार्गो बिल्ड काढा, रेसिपीत कार्गो आणि कार्गो-अपडेट-रेसिपी-क्रेट्स हे दोन क्लास इनहेरिट करा आणि बिटबेकला अपडेट_क्रेट्स हा टास्क चालवायला सांगा. तो कार्गो डॉट लॉक वाचून रेसिपीशेजारी एक आयएनसी फाइल बनवतो, त्यात प्रत्येक क्रेटचं नाव, व्हर्जन, चेकसम. ती रेसिपीत रिक्वायर करा आणि गिटमध्ये कमिट करा. लॉक बदलला की टास्क परत चालवायचा, हे विसरायला होतं. आणि गिट रिपॉझिटरीतून घेतलेले क्रेट या यादीत येत नाहीत, ते एसआरसी_यूआरआयमध्ये (रेसिपीतली सोर्सच्या पत्त्यांची यादी) स्वतः लिहावे लागतात, बरेच जण इथेच अडकतात.

मग खात्री करा. बिटबेकला रनऑल फेच देऊन पूर्ण इमेजचं सगळं आधी उतरवून घ्या, लोकल कॉन्फमध्ये बीबी_नो_नेटवर्क 1 करा आणि नव्या बिल्ड फोल्डरमध्ये बिल्ड लावा, डाउनलोड्स तेच पण एसस्टेट कॅशे (आधीच्या बिल्डमधला तयार माल) रिकामी, नाहीतर कॅशेतून सगळं तयारच मिळतं आणि आपल्याला वाटतं जमलं. काही राहिलं असेल तर बिल्ड तिथेच थांबतो आणि नेमकी कुठली यूआरएल मागितली ते लॉगमध्ये दिसतं.