राष्ट्रीय उद्यानात संशोधनाला निघालेल्या विद्यार्थिनीस

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानाच्या प्रकल्पावर पीएचडीला निवड झाली, हे वाचून फार आनंद झाला. निघण्यापूर्वी काय वाचू, असं तू विचारलंस. शोधनिबंधांची यादी तुझे गाईड देतीलच. मी म्हणेन, आधी प्रकल्पाचा करार मागून घे. विद्यार्थी तो सहसा वाचत नाहीत. दरमहा विद्यावेतन जमा झालं की त्यांचं भागतं!

बहुतेक तुझं काम सहकारी परिसंस्था अभ्यास केंद्रांच्या जाळ्यातून आलेलं असेल. उद्यान सेवेने, म्हणजे राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या तिथल्या सरकारी खात्याने, विद्यापीठांशी करार करून अशी केंद्रं उभारावीत, असं १९९८ च्या कायद्यातच लिहिलं आहे. आज देशभर १७ केंद्रं आहेत. एरवी विद्यापीठ प्रकल्पाच्या पैशातून स्वतःचा प्रशासकीय खर्च कापून घेतं, आणि तो दर कित्येक ठिकाणी ५० टक्क्यांच्या आसपास जातो. या करारांत तो १७.५ टक्के आहे. विद्यापीठ एवढं सोडतं, कारण बदल्यात त्याला संशोधनाला जागा मिळते आणि तुझ्यासारखे विद्यार्थी घडवता येतात. शिवाय हा खरेदीचा व्यवहार नव्हे. नुसतं सर्वेक्षण करून हवं असतं, तर सरकारने सरळ ठेका दिला असता. सहकार्य करारात उद्यानाच्या माणसांचा कामात प्रत्यक्ष सहभाग अपेक्षित असतो. तेव्हा तिथला जीवशास्त्रज्ञ तुझ्या आराखड्यावर अवघड प्रश्न विचारू लागला, तर ती लुडबूड समजू नकोस. तो त्या कामाचा भागीदार आहे.

खरी ओढाताण होते ती वेळेवरून. तुला पाच वर्षांत प्रबंध हवा, गाईडना शोधनिबंध हवेत आणि उद्यानाला असे आकडे हवेत जे तीस वर्षांनीही आजच्या आकड्यांशेजारी ठेवता येतील. सुपीरियर सरोवरातल्या आयल रॉयल बेटावरचा लांडगे आणि मूस (हरणाच्या कुळातला मोठा प्राणी) यांचा अभ्यास बघ. १९५८ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाच्या ड्युरवर्ड अ‍ॅलन यांनी तो सुरू केला, पुढे मिशिगन टेक विद्यापीठाने चालवला. हिवाळ्यात उद्यान बंद असतं, तेव्हा छोट्या विमानातून मोजणी करायची आणि उन्हाळ्यात जंगल पालथं घालून मेलेल्या मूसची हाडं गोळा करायची. १९८० ते १९८२ या काळात लांडगे ५० वरून १४ वर आले. आधीची वीसेक वर्षं कोणी मोजलंच नसतं, तर ही घसरण नेहमीची की काही विपरीत घडलंय, हे कशावरून ठरवणार? कुत्र्यांच्या पार्वोव्हायरसची साथ बेटावर पोचल्याचं त्यातून समजलं. पुढे जवळच्या नात्यातल्या संकराने कळप खंगत गेले आणि शेवटी दोनच लांडगे उरले. मग २०१८-१९ मध्ये बाहेरून १९ लांडगे आणून सोडले गेले. आणायचे की नाही, यावर वर्षानुवर्षं वाद झाला. संशोधकांची मतं होती, ती त्यांनी जाहीर मांडलीही, पण निर्णय उद्यान सेवेचा होता. तुझ्या वाट्यालाही हेच येईल. पुरावा तुझा, निर्णय त्यांचा. तो तुझ्या मनाविरुद्ध गेला तरी पुढच्या हंगामात त्याच चोखपणे मोजायला जाता आलं पाहिजे. मला विचारशील तर या क्षेत्रात टिकायला लागणारा हा सगळ्यात दुर्मीळ गुण आहे.

उद्यान सेवेची नैसर्गिक संपत्तीच्या देखरेखीसाठी उद्यानांची ३२ जाळी (नेटवर्क) आहेत. पाणी, वनस्पती, पक्षी असं काय मोजायचं आणि कसं मोजायचं, त्याचे प्रोटोकॉल लिहून ठेवलेले असतात. ते रटाळ वाटतील. पहिल्याच महिन्यात तुला त्याहून चांगली पद्धत सुचेलही, आणि कदाचित ती खरोखर चांगली असेल. तरी जुनी एकदम टाकू नकोस. निदान एक हंगाम दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालव, म्हणजे आकडा बदलला तो निसर्गामुळे की तुझ्यामुळे, हे सांगता येईल. 'काही दिसलं नाही' हीही नोंदच आहे. किती वेळ शोधलं, हवा कशी होती, बरोबर कोण होतं, हे त्यासोबत लिही. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळच्या चॅनल आयलंड्समध्ये १९९०च्या दशकात बेटावरचे कोल्हे झपाट्याने कमी होताहेत हे लक्षात आलं, ते नेमाने लावलेल्या पिंजऱ्यांतल्या मोजणीमुळे. २००४ मध्ये तिथल्या चार उपजाती संकटग्रस्त यादीत गेल्या आणि २०१६ मध्ये त्यांतल्या तीन यादीतून बाहेरही आल्या. रिकामे पिंजरे कोणी वहीत मांडलेच नसते, तर हे सगळं फार उशिरा कळलं असतं.

परवान्याबद्दल थोडक्यात. पैसे उद्यानानेच दिले असले तरी संशोधनाचा परवाना वेगळा लागतो. दरवर्षी अहवाल द्यावा लागतो, आणि गोळा करून जतन केलेले नमुने सरकारच्या मालकीचे राहतात. तुझं काम आरक्षित निबिड अरण्यात असेल, तर १९६४ च्या कायद्यामुळे इंजिनवर चालणारी यंत्रं आणि कायमची बसवलेली उपकरणं यांवर बंधनं आहेत. एक साधा सेन्सर लावायलासुद्धा 'याच्यावाचून चालणारच नाही का?' या प्रश्नाचं लेखी उत्तर द्यावं लागतं. वैतागू नकोस, त्या प्रश्नाने कित्येक आराखडे सुधारतात. दुर्मीळ प्रजातींची नेमकी ठिकाणं गुप्त ठेवायची मुभाही कायद्याने उद्यानाला दिली आहे. शोधनिबंधात नकाशा छापायचा असेल, तर त्याबद्दल आधीच बोलून घे. प्रबंध लिहून झाल्यावर ही गोष्ट उपटली की फार मनस्ताप होतो.

आणि प्रबंधाव्यतिरिक्त उद्यानाच्या अधीक्षकांसाठी दोन पानं लिही. काय आढळलं, खात्री किती आहे आणि पुढच्या वर्षी काय मोजावं, एवढंच. मानधन नाही, श्रेय नाही. पण दोनशे पानांचा प्रबंध त्यांच्या टेबलावर तसाच राहतो, ही दोन पानं बैठकीत वाचली जातात.

आराखड्याचा मसुदा परवान्यासाठी पाठवण्याआधी मला पाठव. उपकरणांची यादी आणि मोजणीच्या कोऱ्या तक्त्याचा नमुना जोड. मजकुरापेक्षा मला तो तक्ता आधी बघायचा आहे.

कळावे, लोभ आहेच.