मॉडच्या इन्स्टॉलरवर टेकडाउन आलंय, काउंटर नोटीस देऊ का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका वाचकाने सात जणांच्या टीमबरोबर एका जुन्या गेमसाठी फॅन मॉड (चाहत्यांनी मूळ गेममधे घातलेली भर किंवा बदल) बनवलाय, त्याचा इन्स्टॉलर त्यांनी एकट्याने लिहिलाय. बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती, एका फाइल होस्टवर टाकला आणि नऊ दिवसांत गेमच्या पब्लिशरच्या तक्रारीवरून होस्टने तो काढून टाकला, आता होस्ट विचारतोय की काउंटर नोटीस द्यायची आहे का. त्यात टीममधला मॉडेलर (गेममधल्या वस्तूंची थ्रीडी मॉडेल्स बनवणारा) भांडून बाहेर पडलाय, त्याचं म्हणणं माझी सगळी मॉडेल्स काढा. शिवाय एका टेस्टरच्या सेव्ह फाइल्स अनइन्स्टॉल करताना उडाल्या. वाचक लिहितात, "आम्ही कुणाकडून एक पैसा घेत नाही, मग आमचा गुन्हा काय?"

काउंटर नोटीसचं आधी सांगते, कारण तिथे घाई करून चालत नाही. देऊ नका. निदान या बिल्डसाठी, म्हणजे मॉडच्या या व्हर्जनसाठी, तरी अजिबात नको. अमेरिकेच्या डीएमसीए या डिजिटल कॉपीराइटच्या कायद्याखाली काउंटर नोटीस म्हणजे नुसता "आम्हाला हे मान्य नाही" असा फॉर्म नसतो, त्यात तुम्ही शपथेवर सांगता की फाइल चुकून किंवा गैरसमजाने काढली गेली, आणि तुमचं खरं नाव पत्ता देऊन तिथल्या कोर्टाचा अधिकारही मान्य करता. त्यानंतर तक्रारदाराने केस टाकली नाही तर होस्ट १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत फाइल परत चालू करतो. म्हणजे तुम्ही समोरच्याला सांगताय की हिंमत असेल तर कोर्टात या. तुमच्या इन्स्टॉलरमधे काय काय आहे ते तुम्हीच मला लिहून पाठवलंय, ते वाचल्यावर "चुकून काढली" असं शपथेवर लिहायला मी तुम्हाला कधीच सांगणार नाही.

कारण त्या पॅकेजमधे तुमच्या स्वतःच्या कामाबरोबर चार गोष्टी अशा आहेत ज्या तुमच्या नाहीत. बदललेली गेमची मूळ एक्झी फाइल (जी चालवल्यावर गेम सुरू होतो), मूळ टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) घेऊन मोठी करून नीट केलेली टेक्श्चर्स, मूळ गेममधले काही आवाज जसेच्या तसे, आणि त्या मॉडेलरची मॉडेल्स. "पैसे घेत नाही" हे या चारपैकी एकालाही लागू पडत नाही हो. कॉपीराइटमधे कॉपी करणं, वाटणं आणि मूळ कामावरून नवं काम तयार करणं हे हक्क मालकाचे असतात, तुम्ही फुकट वाटलं तरी वाटणं ते वाटणंच. फुकट असल्याचा फायदा होतो तो पुढच्या पायरीवर, म्हणजे नुकसानभरपाई किती, फेअर यूजचा (परवानगीशिवायही चालणाऱ्या मर्यादित वापराचा) मुद्दा किती ताणता येतो, पब्लिशर दुर्लक्ष करेल का, तिथे. क्रोनो ट्रिगर या गेमवरचा क्रिमसन एकोज हा फॅन प्रोजेक्ट फुकटच होता, कित्येक वर्षांचं काम होतं, आणि मे २००९ मधे रिलीजच्या तोंडावर मूळ गेमच्या मालक कंपनीची, स्क्वेअर एनिक्सची, नोटीस आली आणि सगळं थांबलं. मेट्रॉइड २ चा फॅन रिमेक एएम२आर ऑगस्ट २०१६ मधे आला, तोही फुकट, काहीच दिवसांत निन्टेन्डोने डाउनलोड काढायला लावले. ही माणसं चोर नव्हती, गेमवर जीव असलेली माणसं होती, म्हणूनच हे वाचताना मला वाईट वाटतं आणि म्हणूनच तुमचं काम वाचावं असं मनापासून वाटतंय.

आता एक केस जरा सविस्तर सांगते, कारण मॉडवाल्यांनी ती माहीत करून घ्यायलाच हवी. १९९८, अमेरिकेचं नाइन्थ सर्किट कोर्ट, मायक्रो स्टार विरुद्ध फॉर्मजेन. ड्यूक न्यूकेम थ्रीडी या फॉर्मजेनच्या गेमसोबत लेव्हल एडिटर मिळायचा, लोकांनी लेव्हल्स बनवून नेटवर टाकल्या, मायक्रो स्टारने त्यातल्या ३०० उचलून सीडीवर भरल्या आणि विकायला काढल्या. त्यांचा बचाव असा की आमच्या मॅप फाइल्समधे गेमचं एकही चित्र नाही, फक्त कुठे काय ठेवायचं एवढ्या सूचना आहेत, चित्रं तर खेळणाऱ्याच्या स्वतःच्या गेममधून येतात. ऐकायला पटतं ना? कोर्टाला नाही पटलं. कोर्ट म्हणालं की या लेव्हल्स म्हणजे ड्यूकच्या गोष्टीचे पुढचे भागच आहेत, आणि पुढचा भाग लिहायचा हक्क मूळ मालकाचा. खेळणाऱ्यांना लेव्हल बनवायची परवानगी होती पण ती फुकट वाटण्यापुरतीच, विकायची नव्हती, तिथे ते हरले. त्याच कोर्टाने १९९२ मधे गेम जिनी या चीट डिव्हाइसच्या बाजूने निकाल दिला होता, कारण ते खेळ चालू असताना थोडीशी मूल्यं बदलायचं, स्वतःचं असं टिकणारं नवं काम तयार करत नव्हतं. युरोपच्या कोर्टानेही ऑक्टोबर २०२४ मधे सोनी विरुद्ध डेटेल मधे सांगितलं की प्रोग्रामच्या कोडला हात न लावता चालू असताना रॅममधली व्हेरिएबल्स बदलणं हा तिथल्या सॉफ्टवेअर डायरेक्टिव्हखाली कॉपीराइटचा भंग नाही.

यावरून तुमच्यासाठी काय निघतं? एकतर शंभर टक्के स्वतः बनवलेली लेव्हलसुद्धा मूळ गेमच्या पात्रांवर आणि गोष्टीवर उभी असेल तर ती मालकाच्या परवानगीवरच उभी असते. म्हणून गेमचा एंड यूजर करार आणि पब्लिशरचं मॉडिंग धोरण काढून शब्दन् शब्द वाचा, तुमच्या मेलमधे त्याचा उल्लेखच नाही आणि मला तेच सगळ्यात आधी हवं होतं. खूप पब्लिशर सिंगल प्लेअर, फुकट, मूळ फाइल्स न वाटणाऱ्या मॉडना स्वतःहून मोकळीक देतात. २०१७ च्या जूनमधे टेक टू ने, म्हणजे जीटीए बनवणाऱ्या रॉकस्टारच्या मालक कंपनीने, ओपनआयव्ही या मॉडिंग टूलला बंद करायला लावलं होतं, खेळणाऱ्यांनी एवढा आवाज उठवला की थोड्याच दिवसांत रॉकस्टारने सांगितलं की सिंगल प्लेअर आणि बिगर व्यावसायिक मॉडवर साधारणपणे कारवाई होणार नाही, आणि टूल परत आलं. अशी मोकळीक कधीही मागे घेता येते हे खरं, पण ती आहे तोवर तिच्या अटींच्या आत राहणं हेच तुमचं सगळ्यात मोठं संरक्षण आहे.

आणि त्या अटींच्या आत राहणं जवळपास पूर्णपणे इन्स्टॉलरच्या हातात आहे, म्हणजे तुमच्या हातात. सध्या तुमचा इन्स्टॉलर म्हणजे डबा आहे, सगळं आत भरलंय आणि तो फक्त उघडून ठेवतो. त्याऐवजी तो जोडणारा कारागीर करा. टेल ऑफ टू वेस्टलँड्स हा मॉड बघा, फॉलआउट ३ आणि फॉलआउट न्यू वेगास एकत्र करणारा, त्याला दोन्ही गेम सगळ्या डीएलसीसकट (नंतर आलेल्या जादा भागांसकट) तुमच्या मशीनवर लागतातच आणि इन्स्टॉलर तुमच्याच कॉपीतल्या फाइल्स घेऊन तिथल्या तिथे नवं रूप तयार करतो. तुम्हीही तेच करायचं, आधी खेळणाऱ्याचं गेम फोल्डर शोधा, फाइल्सचा हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा) तपासा की ही ओरिजिनल आहे आणि अमुक व्हर्जनची आहे, मग ती वेगळ्या फोल्डरमधे कॉपी करा आणि तिथे एक्सडेल्टासारख्या टूलने फक्त फरक लावा. पॅकेजमधे तुमचा फरक तेवढा जातो, मूळ फाइल जात नाही, आणि ज्याच्याकडे गेम विकत घेतलेला नाही त्याला ते पॅकेज काही कामाचं नाही. हा शेवटचा मुद्दा पब्लिशरच्या वकिलाला लगेच समजतो कारण त्याच्या क्लायंटचा विक्रीचा आकडा त्यात सुरक्षित राहतो.

पण फरकाची फाइल म्हणजे जादू नाही, इथे खूप जण फसतात म्हणून नीट वाचा. मूळ आर्काइव्ह कॉम्प्रेस केलेलं असेल आणि तुम्ही कॉम्प्रेस केलेल्या दोन आर्काइव्हमधला फरक काढलात तर आत थोडंसं बदललं तरी पुढचे बाइट्स सगळे वेगळे येतात आणि "फरक" जवळजवळ मूळ फाइलएवढाच मोठा होतो, म्हणजे परत मूळ माल तुम्ही वाटताय. आधी आर्काइव्ह उघडा, मग आतल्या एकेका फाइलचा फरक घ्या. टेक्श्चर्सचं तर त्याहून अवघड, मोठं केलेलं टेक्श्चर हे मूळ चित्रावरूनच बनलेलं आहे आणि त्याच्या फरकात अख्खं नवं चित्र बसलेलं असतं. त्यापेक्षा मोठं करायचं काम खेळणाऱ्याच्या मशीनवर त्याच्याच फाइल्सवर स्क्रिप्टने होऊ द्या, वेळ लागेल, लागू दे. नाहीतर ती टेक्श्चर्स कोऱ्या कागदापासून स्वतः काढा. आवाज पॅकेजमधून काढून टाका, ते खेळणाऱ्याच्या गेममधे आहेतच, तिथूनच वाचा.

एक्झी फाइलबद्दल मात्र वेगळं लिहिते कारण मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते. तुम्ही लिहिलंय की डिस्क नसतानाही गेम चालावा म्हणून त्यातला डिस्क तपासणारा भाग काढलाय. हा साधा कॉपीराइटचा विषय राहत नाही, हे संरक्षण तोडणं झालं, आणि डीएमसीएच्या कलम १२०१ खाली संरक्षण तोडणारं साधन वाटणं हा स्वतंत्र भंग आहे, तुमचा हेतू कितीही चांगला असो. भारताच्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने ६५ए कलम आलं, ते हक्कभंगाच्या इराद्यावर बोट ठेवतं आणि दोन वर्षांपर्यंतची शिक्षा सांगतं, म्हणजे तिथे वाद घालायला थोडी जागा आहे, पण त्या वादात तुम्ही पडूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. ती एक्झी आजच सगळीकडून काढा, टीमच्या शेअर्ड फोल्डरमधूनही. तिचा फरक पॅच म्हणूनही देऊ नका, काम तेच होतं. गेम एखाद्या दुकानात डीआरएमशिवाय (कॉपी रोखणाऱ्या कुलुपाशिवाय) विकत मिळत असेल तर इन्स्टॉलरने फक्त तेच व्हर्जन स्वीकारावं, डिस्कचा प्रश्नच संपला. बाकी जे बदल तुम्ही एक्झीत केलेत ते स्वतः लिहिलेल्या डीएलएलमधून (गेमसोबत लोड होणाऱ्या वेगळ्या कोड फाइलमधून) गेम चालू असताना मेमरीत करता येतात का ते बघा.

आता मॉडेलर. लेखी काही ठरलेलं नाही म्हणताय, मग ती मॉडेल्स त्याची आहेत, टीमची नाहीत. त्याने ती मॉडसाठीच बनवली आणि स्वतः टीमला दिली, त्यामुळे मॉडमधे वापरायची न बोललेली परवानगी होती असं म्हणता येतं, आणि कोर्टं असा मुद्दा मानतातही. पण टेकडाउन आधीच आलेलं असताना दुसरी तक्रार आतल्या माणसाकडून यावी हे तुम्हाला परवडणारं नाही. चॅट डिलीट करू नका, त्यात त्याने काय म्हणत फाइल्स दिल्या हाच पुरावा आहे. त्याला शांतपणे विचारा, क्रेडिट देऊन ठेवू का, नाही म्हणाला तर मॉडेल्स काढा आणि नवी बनवा. आणि उरलेल्या सहा जणांकडून याच आठवड्यात दोन ओळी लिहून घ्या, की मी बनवलेलं काम या मॉडमधे आणि त्याच्या पुढच्या व्हर्जन्समधे फुकट वाटायला कायमची परवानगी देतोय आणि ते माझं स्वतःचं आहे. ईमेलवर चालेल. फॉन्ट आणि म्युझिक कुठून आणलं तेही विचारा, "नेटवर मिळालं" हे उत्तर आलं तर ती फाइल बाहेर.

इन्स्टॉलर बनवायच्या टूलचं फार टेन्शन घेऊ नका, एनएसआयएससारखी टूल्स अशा वापराला मोकळी आहेत, फक्त आत जी जी टूल्स भरताय त्यांच्या त्याच व्हर्जनची लायसन्स फाइल सोबत द्या. टेस्टरच्या सेव्ह फाइल्स मात्र गंभीर आहेत. तुमचा अनइन्स्टॉलर अख्खं फोल्डर उडवतोय, उद्या कुणी इन्स्टॉल करताना चुकून प्रोग्राम फाइल्स हेच फोल्डर निवडलं तर काय होईल विचार करा. स्वतः टाकलेल्या फाइल्सची यादी ठेवा आणि तेवढ्याच काढा, सेव्हला हात लावण्याआधी बॅकअप आणि विचारणा दोन्ही. "जसं आहे तसं, जबाबदारी आमची नाही" हे वाक्य पहिल्या स्क्रीनवर जरूर टाका पण ढळढळीत निष्काळजीपणाला ते वाक्य सगळीकडे वाचवत नाही. त्या टेस्टरची माफी मागा, मनापासून. आणि डोनेशनचं बटण, जे तुम्ही ओझरतं लिहिलंय, ते मॉडच्या पानावरून काढा, ड्यूकच्या केसमधे लोक हरले ते पैशाच्याच अटीवर.

होस्टला एवढंच कळवा की काउंटर नोटीस देत नाही आणि ती फाइल परत टाकणार नाही. तीच फाइल नाव बदलून दुसरीकडे टाकायचा मोह टीममधे कुणाला तरी होईल, त्याला आत्ताच थांबवा. मग नवा बिल्ड तयार झाला की अपलोड करण्याआधी पब्लिशरला तक्रारीतल्याच पत्त्यावर लिहा, जुनी फाइल काढलेली आहे, नव्यात तुमची एकही फाइल नाही, मूळ गेम असल्याशिवाय तो चालत नाही, पैसे घेत नाही, पॅकेजमधल्या फाइल्सची यादी सोबत जोडली आहे आणि तुमची काही हरकत असेल तर कळवा. त्यात गुन्हा कबूल केल्यासारखं एकही वाक्य नको, "आम्ही चोरलं" "माफ करा" असलं काही नको, त्यामुळे तो मसुदा आणि गेमचा करार दोन्ही मला आधी पाठवा, मी वाचून देते.