‘मग देवाला कोणी बनवलं?’ एवढ्याने वाद संपतो का?

प्रश्न : मित्राशी वाद झाला. तो म्हणाला, प्रत्येक गोष्टीला कारण असतं म्हणून जगालाही असणार, तोच देव. मी विचारलं, मग देवाला कोणी बनवलं? तो गप्पच झाला. माझा मुद्दा बरोबर ना?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुझ्या मित्राने जे वाक्य धरलं त्याच्यापुरता बरोबर. पण एखादा नैयायिक, म्हणजे न्याय या भारतीय तर्कपरंपरेतला विचारवंत, समोर असता तर तो अडकला नसता, कारण प्रत्येक गोष्टीला कारण असतं असं ते म्हणतच नाहीत. जे आधी नव्हतं आणि नंतर झालं, म्हणजे जे कार्य आहे, त्यालाच कर्ता लागतो, जसा घटाला कुंभार, आणि पृथ्वीला अवयव, म्हणजे जोडलेले भाग, आहेत म्हणजे तीही कार्यच, मग तिलाही कर्ता हवा. उदयनाचार्यांनी साधारण हजार वर्षांपूर्वी ‘न्यायकुसुमांजली’त हे फार ताकदीने मांडलंय. ईश्वर अनादि, तो ‘झाला’च नाही, त्यामुळे तुझा प्रश्न त्याला लागूच होत नाही. शिवाय नैयायिकांच्या मते परमाणूही नित्य, म्हणजे कायमचेच, असतात, म्हणजे हा ईश्वर शून्यातून काही काढत नाही, आहे त्याची जुळणी करतो.

खरी अडचण दुसरीकडे आहे आणि ती बौद्ध धर्मकीर्तीने सातव्या शतकातच दाखवली होती. घट मातीचा, वारूळही मातीचं, म्हणून वारूळ कुंभाराने केलं असं म्हणशील का? कुंभार घट करताना आपण पाहिलाय म्हणून तिथे अनुमान चालतं, जग बनवताना कोणी कोणाला पाहिलंय? मला स्वतःला हा आक्षेप सगळ्यात भारी वाटतो, त्याला पूर्ण समाधानकारक उत्तर मला अजून कुठे दिसलेलं नाही. आणि हे फक्त बौद्धच म्हणत होते असंही नाही हां, वेद प्रमाण मानणारा कुमारिल भट्टसुद्धा जगाचा कर्ता नाकारतो, तो विचारतो की शरीराशिवाय कर्ता काम कसं करणार, आणि शरीर असेल तर ते कोणी केलं?

युरोपातही वाद शेवटी इथेच येतो. १९४८ साली बीबीसी रेडिओवर ईश्वर मानणारे धर्मगुरू-तत्त्वज्ञ फादर कोपल्स्टन आणि तो न मानणारे तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांची चर्चा झाली, त्यात रसेल म्हणाले की प्रत्येक माणसाला आई असते म्हणून अख्ख्या मानवजातीला एक आई असते असं होत नाही. कोपल्स्टनना ते पटलं नाही, ते म्हणाले मी साखळीतली पहिली कडी शोधतच नाहीये, ही सगळी साखळी मुळात आहे ती कशामुळे, हे विचारतोय.

तेव्हा पुढच्या वेळी मित्राला एवढंच विचार, अवयव असलेली प्रत्येक गोष्ट कोणीतरी जाणूनबुजून जुळवलेली असते, हे कशावरून?