तुटका कोपरा पिशवीत घाला, मगच प्रदर्शनाला जा

फ्रेमच्या धंद्यातल्या शंकांना कोल्हापुरातले एक जुने फ्रेमवाले दर महिन्याला इथं उत्तरं देतात. या वेळी बहुतेक पत्रं व्यापारी प्रदर्शनांबद्दल आली.

प्रश्न : मिरजेत आमचं फ्रेमचं दुकान आहे, वडिलांपासून. फ्रेमच्या पट्ट्या विकणारा पट्टीवाला महिन्यातून एकदा टेम्पो घेऊन दारात येतो, नवीन डिझाइनचे फोटो मोबाइलवर पाठवतो. मग दोन दिवस दुकान बंद ठेवून मुंबईच्या प्रदर्शनाला कशाला जायचं? मित्र म्हणतो जाच. बायको म्हणते, पैसे उडवून याल.
– एक वाचक, मिरज

उत्तर : वहिनींचं निम्मं बरोबर आहे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पैसे उडवूनच आलो होतो. गोरेगावच्या त्या मोठ्या हॉलमध्ये एका स्टॉलवर शँपेन रंगाची पट्टी बघितली. वरून पिवळे दिवे सोडलेले, पट्टी नुसती झळकत होती. ‘आज बुक केलं तर सूट’ म्हणाला, मी पंधरा खोकी बुक केली. कोल्हापुरात दुकानातल्या ट्यूबलाइटखाली उघडून बघतो तर चहात बुडवलेल्या बिस्किटाचा रंग. आमच्याकडं गिऱ्हाईक येतं ते अंबाबाईचा फोटो, आजोबांचा फोटो, नाहीतर मुलीचं पदवीचं सर्टिफिकेट घेऊन. त्याला सोनेरी पाहिजे किंवा सागवानी पाहिजे. त्या पंधरा खोक्यांतली चार अजून माळ्यावर आहेत. तेव्हापासून पहिल्या दिवशी एक फूटही बुक करत नाही, आणि पसंत पडलेला नमुना हॉलच्या दाराबाहेर, उन्हात नेऊन बघतो. स्टॉलवाले जरा चमकतात, पण देतात.

आता उरलेलं निम्मं. नंतर एकदा माझ्या शिसवी फ्रेमांचे कोपरे उघडायला लागले. भिंतीवर लावून दोन महिने होत नाहीत तोवर गिऱ्हाईक परत. पट्टीवाला म्हणे डिंक बदला. डिंकवाला म्हणे लाकूड ओलं आहे. मशीनवाला फोनवर म्हणे, प्रेशर वाढवा. वाढवलं, तर पट्टीच्या तोंडावर खळगा पडला. चार महिने असेच गेले. शेवटी एक उघडलेला कोपरा वर्तमानपत्रात गुंडाळला, मूठभर पिना पुडीत बांधल्या आणि गाडीत बसलो.

जोडणीच्या मशीनच्या स्टॉलवर टाय लावलेली पोरं होती. त्यांनी कॅटलॉग दिला. मागं एक पन्नाशीचा कारागीर मशीन चालवत होता. त्याच्या हातात कोपरा दिला. काही न बोलता त्यानं तो पूर्ण मोडला, आत वाकलेली व्ही पिन (कोपरा जोडणारी, इंग्रजी V आकाराची) नखानं उचकटून काढली आणि विचारलं, “ही कुठली पिन वापरता?” पुडी उघडून दाखवली. मऊ लाकडाची पिन होती ती. कडक लाकडाला वेगळी लागते, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. शिवाय मी पहिली पिन कोपऱ्याच्या बाहेरच्या टोकाशी मारत होतो. त्यानं ती आतल्या बाजूला घेतली, जाड पट्टीत एकीवर एक अशा दोन पिना बसवल्या, आणि चौथ्या कोपऱ्याला मशीन माझ्या पायाखाली दिलं. सगळं मिळून वीस मिनिटं. आणखी एक गोष्ट त्यानं जाता जाता सांगितली : सिंथेटिक पट्टीला पांढरा डिंक लावू नका, प्लॅस्टिक तो पीत नाही, तिला तिचाच चिकटवणारा लागतो.

फोनवर हे होत नाही. फोनवर आपण ‘कोपरा उघडतोय’ एवढंच सांगणार, आणि पलीकडचा त्याच्या यादीतलं उत्तर वाचणार. म्हणून नवीन डिझाइन बघायला जाऊ नका. दुकानात जे बिघडतंय ते घेऊन जा.

दुसरी गोष्ट मला हॉलच्या आत नाही, बाहेर वडापावच्या गाडीवर मिळाली. सुरतेचा एक फ्रेमवाला शेजारी उभा होता. बोलता बोलता भाव निघाले. मी म्हटलं, १२ बाय १८ च्या फ्रेमला पाच फूट पट्टीचे पैसे घेतो. तो हसलाच. त्यानं पावाच्या कागदावर चौकट काढली. आतला घेर ६० इंच, म्हणजे पाच फूट, बरोबर. पण प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना पंचेचाळीसचा कट, म्हणजे एका फ्रेमला आठ कट, आणि प्रत्येक कटाला पट्टीच्या रुंदीइतकी लांबी जादा लागते. दोन इंची पट्टी असेल तर १६ इंच. चित्र बसतं त्या आतल्या खाचेचं थोडं वजा धरा, तरी सव्वासहा फुटांच्या आसपास जातंच. मी वीस वर्षं प्रत्येक फ्रेममागं फूटभर पट्टी फुकट देत होतो! तो कागद अजून काउंटरच्या काचेखाली आहे, तेलाच्या डागासकट.

माउंट बोर्डाच्या, म्हणजे चित्राभोवती लावायच्या जाड पुठ्ठ्याच्या, स्टॉलवर मात्र एक प्रश्न विचाराच. बोर्डावर ‘अ‍ॅसिड-फ्री’ छापलेलं असतं. विचारा, नुसता वरचा कागद की आतला गाभासुद्धा? माझ्याकडं पन्हाळ्याचं एक जुनं जलरंग चित्र काच बदलायला आलं होतं. माउंट उचलला तर चित्रावर चारी बाजूंनी तपकिरी रेघ, विडी टेकवून ओढल्यासारखी. माउंटच्या तिरक्या कटातून लाकडाच्या लगद्याचं आम्ल वर्षानुवर्षं कागदात उतरलेलं. माउंट बदलता येतो, ती रेघ आपल्या हातानं जात नाही. स्टॉलवाल्याला समोर बोर्ड कापायला लावा आणि कट बघा. जो कापायला कां कूं करतो, त्याचा बोर्ड घेऊ नका.

आपल्याकडं फ्रेमवाल्यांचा माल बहुधा फर्निचर, इंटिरिअर नाहीतर लाकूडकामाच्या प्रदर्शनात एखाद्या कडेच्या रांगेत असतो. बेंगळुरूचं इंडियावूड मशिनरीसाठी बघण्यासारखं. ग्रेटर नोएडाला वर्षातून दोनदा हस्तकलेचा मेळा भरतो, सहारनपूरची कोरीव कामं तिथं येतात, पण तो परदेशी खरेदीदारांसाठी. तुमचा-माझा तिथं विशेष उपयोग नाही. मुंबईला जायचं तर महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री निघा, सकाळी दादर, तिथून लोकलनं गोरेगाव. २०१६ पासून राम मंदिर स्टेशन झालंय, तेही जवळ पडतं. एका दिवसात होतं. वहिनींना सांगा, दुकान एकच दिवस बंद.

प्रश्न : मी पुण्यात पट्टी आणि माउंट बोर्डाचा ठोक व्यापारी आहे. गेल्या वर्षी स्टॉल घेतला, भाडं आणि सजावट मिळून बराच खर्च झाला. चारशेवर कार्डं जमली, ऑर्डरी आल्या सहा. या वर्षी घ्यावा का?
– नाव छापू नये

उत्तर : त्या सहांपैकी पुन्हा माल कितींनी मागवला, हे तुम्ही लिहिलंच नाही. चौघांनी मागवला असेल तर स्टॉल स्वस्तात पडला.

मी पलीकडच्या बाजूचा माणूस आहे, तेव्हा तिकडूनच सांगतो. भिंतभर सहाशे कोपरे खिळून ठेवता ना, दहा मिनिटांत ते सगळे सारखेच दिसायला लागतात. त्यापेक्षा वीस लावा आणि मधोमध टेबलावर कटिंग मशीन ठेवा. डेन्मार्कच्या मोर्सोसारखं पायानं दाबायचं असेल तर उत्तमच, एका दाबात दोन्ही बाजूंचा कट पडतो आणि मधला व्ही तुकडा खाली. तुमचीच पट्टी बोथट पात्यानं कापलेली आणि धारदार पात्यानं कापलेली, दोन्ही शेजारी ठेवा. वरचा मुलामा कुठं उडतो ते लपवू नका. ते तुमच्या तोंडून कळलं तर मी पातं वेळेवर पाजळीन. नाही कळलं तर पट्टीला शिव्या देईन. दिवा पांढरा लावा. शँपेनची गोष्ट वर वाचलीच असेल.

स्टॉलवर उभं राहायला गोदामातला माणूस आणा, कार्ड वाटणारा पोरगा नको. आणि एक जाड वही ठेवा, तक्रारींची. मला एकदा एका पुरवठादारानं (नाव जाऊ द्या) प्रदर्शनात आगाऊ पैसे घेऊन जो माल पाठवला, त्यात दोन वेगवेगळ्या लॉटची सोनेरी पट्टी मिसळलेली होती. एकाच फ्रेमच्या दोन पट्ट्या पिवळ्या, दोन लालसर. पुढच्या वर्षी त्याच स्टॉलवर गेलो, तर साहेब मला बघून चहाला गेले. त्या वेळी त्यांनी वही काढून ‘लॉट नंबर सांगा’ एवढं जरी विचारलं असतं, तरी मी आज त्यांचाच माल घेत असतो. घाऊकात एका खोक्याहून कमी माल देणार नाही असंही धरून बसू नका. मिरजेचा, कराडचा दुकानदार आधी पट्टीच्या दोनच लांब्या (अख्ख्या पट्ट्या) नेईल. त्याला द्या.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. निवृत्तीनंतर छोटं फ्रेमिंग दुकान काढायचा विचार आहे. तिकडच्या प्रदर्शनांचा नवशिक्याला उपयोग होईल?
– एक वाचक, अमेरिका

उत्तर : तुमच्याकडं तर खास फ्रेमवाल्यांचंच प्रदर्शन भरतं, लास वेगासला, जानेवारीत. तिथं स्टॉलसोबत शिकवण्याचे वर्गही असतात. नवशिक्यानं आधी वर्ग, मग स्टॉल. ब्रिटनमध्ये फाइन आर्ट ट्रेड गिल्ड ही फ्रेमवाल्यांची आणि चित्रविक्रेत्यांची संघटना आहे, तिची मुळं १८४७ पर्यंत जातात. तिनं फ्रेमिंगच्या पाच पायऱ्या ठरवल्यात, सगळ्यात वर संग्रहालयाच्या दर्जाची, सगळ्यात खाली कामापुरती. त्या वाचून ठेवा. गिऱ्हाईक ‘इतके पैसे कशाचे?’ म्हणालं की उपयोगी पडतात. मी तर माझ्या दुकानात त्यातल्या तीनच ठेवल्यात. पाच सांगितल्या की गिऱ्हाईक उठून जातं.

प्रश्न : चिपळूणला घरच्या घरी फ्रेम करते, तीन वर्षं झाली. पावसाळ्यात काचेच्या आत बुरशी धरते. प्रदर्शनाला जायचंय, पण ‘मालक कुठं आहेत?’ असं विचारतील, याची धास्ती वाटते.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, विचारतील. एक-दोघं तरी विचारतीलच. त्यांना बुरशी धरलेली फ्रेम पुढं करून म्हणा, “हे का झालं, सांगा.” पुढचं बोलणं फ्रेमवर होईल. ज्याला उत्तर येत नाही तो कॅटलॉग काढेल, त्याला सोडून पुढं जा.

तोवर घरी एवढं करा. काच चित्राला टेकू देऊ नका, मध्ये माउंट नाहीतर पातळ पट्टी हवीच. पाठीमागचा हार्डबोर्ड ओल शोषतो, त्याऐवजी सनपॅकची (पोकळ प्लॅस्टिकची) शीट लावून बघा आणि कडा टेपनं पूर्ण बंद करा. फ्रेमच्या पाठीला खालच्या दोन कोपऱ्यांवर रबरी बुटकुल्या चिकटवा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात वारा खेळतो. कोकणातल्या भिंतीला तर हे हवंच. या तिन्ही वस्तू प्रदर्शनात मागून घ्या, नमुना म्हणून फुकट देतात.

प्रदर्शनाला येताना पाठीवरची सॅक आणा, खांद्याची पर्स नको. कोपऱ्यांचे नमुने जड असतात, आणि ‘कुरिअरनं पाठवतो’ म्हणणाऱ्यांचे मला तरी आजवर आलेले नाहीत.