'जर्मन कायदा लागू' असं लिहिलंय, मग व्हिएन्ना मध्येच कुठून आलं?

प्रश्न : विक्रेता जर्मनीतला, खरेदीदार फ्रान्सचा, करारात एकच ओळ आहे, 'जर्मन कायदा लागू'. मशिनमधला दोष खरेदीदारानं तीन आठवड्यांनी कळवला. आम्ही विक्रेत्याकडून म्हणतोय की जर्मन व्यापारी कायद्याच्या कलम 377 प्रमाणे विनाविलंब कळवायला हवं होतं, तर ते म्हणतात व्हिएन्ना करार (देशादेशांमधल्या मालविक्रीचा आंतरराष्ट्रीय करार) बघा. बरोबर कोण?

उत्तर : कायदा कुठला, एवढ्यापुरतं ते बरोबर आहेत. 1980 चा व्हिएन्ना करार 1 जानेवारी 1988 पासून अमलात आहे आणि दोन्ही पार्ट्यांच्या व्यवसायाची ठिकाणं वेगवेगळ्या सभासद देशांत असली की तो आपोआप लागतो, पार्टी कुठल्या देशाची नागरिक ते कोणी विचारत नाही. गंमत म्हणजे तो करार जर्मन कायद्याचाच भाग आहे, त्यामुळे नुसतं 'जर्मन कायदा' लिहिलंत तर कोर्टं सहसा तोच धरतात. कलम 6 नं तो वगळता येतो, पण 'व्हिएन्ना करार वगळून' असे शब्द स्वच्छ लिहावे लागतात, आणि तुमच्या एका ओळीत नेमकं तेच राहून गेलंय.

म्हणजे आता 377 बाजूला ठेवा, व्हिएन्ना कराराची कलम 38 आणि 39 उघडा. माल शक्य तितक्या लवकर तपासायचा आणि दोष वाजवी मुदतीत कळवायचा, काही झालं तरी ताबा मिळाल्यापासून 2 वर्षांच्या आत. तीन आठवडे वाजवी का, हे मशिनवर आणि दोष कसा आहे त्यावर ठरणार. समजा मशिनचा फिल्टर लावल्याबरोबर गळत असेल तर तुमची बाजू भक्कम, आठवडाभर चालवल्याशिवाय दिसतच नसेल तर तेवढी नाही.

प्रश्न : खरेदीदार ब्रिटनचा असता तर? कारण तो देश व्हिएन्ना करारात नाही ना?

उत्तर : तरी सुटका नाही! विक्रीच्या करारात कायद्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही आणि केस जर्मन कोर्टात आहे असं धरू. मग युरोपियन युनियनचा, कराराला कुठल्या देशाचा कायदा लागतो ते ठरवणारा रोम 1 नियम (17 डिसेंबर 2009 पासूनच्या करारांना) बघतात, त्याच्या कलम 4 प्रमाणे मालविक्रीला सहसा विक्रेत्याच्या देशाचा कायदा, म्हणजे जर्मन, आणि त्यातून परत व्हिएन्ना! विक्रेता ब्रिटनचा असता तर त्याच वाटेनं इंग्लिश कायदा आला असता आणि व्हिएन्नाचा विषयच नव्हता.

आणि हो, एफओबी, सीआयएफ (माल पोचवण्याच्या ठरावीक अटींची लघुरूपं) लिहिलं की कायदा ठरला असं बरेच जण धरून चालतात, तसं नाही, त्यानं खर्च आणि जोखीम कोणाकडे एवढंच ठरतं.